उत्कर्षचं मुख्यालय

सोमवार, ४ ऑगस्ट २०२५

आला! नवा साहेब आला. म्हणजे बाई आल्या.

अंतराळ संस्थेच्या संकेतस्थळावर सोमवारचं पत्रक अकरा वाजता पडतं. 'नेतृत्व एवं प्रशासन : नियमित सूचना.' हिंदीतून. मी सव्वादहापासूनच मोबाईल घेऊन ओट्यावर बसलो होतो. उत्कर्षच्या केंद्राचे जुने संचालक निवृत्त झाले आणि नव्या बाईंनी 'कार्यभार ग्रहण किया'. सोबत फोटो. बाई हसतायत. नवा साहेब पहिल्या दिवशी हसतोच! तेहतीस वर्षं पंचायत समितीत आस्थापनेच्या टेबलावर काढली मी. सतरा गटविकास अधिकारी पाहिले. सतराही पहिल्या दिवशी हसले, आणि दुसऱ्या आठवड्यात सगळ्यांनी जुन्या फायली मागवल्या.

जुन्या फायली! मी पत्रक पुन्हा वरून वाचायला घेतलं.

लिला, उत्कर्षची आई, झाडता झाडता म्हणाली, "पोरगा तिकडं नोकरी करून राह्यला, तुमी इकडून काहून हजेरी घेता त्याची?"

तिला काय सांगू? तिला काहीच माहीत नाही.

बुधवार, ६ ऑगस्ट

इथे तरी लिहून टाकतो. दुसरीकडे कुठे बोलायची सोय नाही.

मे महिन्यात उत्कर्ष आणि सूनबाई निता आठ दिवस इकडे रिठदला आले होते. एक दिवस तो आणि मी मोटारसायकलने रिसोडला निघालो. वाटेत लिंबाखाली त्याने गाडी थांबवली. म्हणाला, "बाबा, एक गोष्ट झाली."

यानाच्या इंधनाच्या टाकीला एक झडप असते. ती गळते का, याची चाचणी होते. एकाने चाचणी करायची, दुसऱ्याने शेजारी उभं राहून डोळ्यांनी पाहायची, मग दोघांनी सह्या करायच्या. दुसरी सही उत्कर्षची. पण त्या दिवशी, १७ एप्रिलला, तो निताला घेऊन दवाखान्यात होता, सोनोग्राफीला. परत आला तर त्याचे वरिष्ठ म्हणाले, चाचणी झाली, आकडे ठीक आहेत, सही करून टाक, तारीख निघून चालली. त्याने केली. न पाहता!

मी विचारलं, आकडे खरंच ठीक होते ना? तो म्हणाला, "असतीन. पण मी पाह्यले नाई ना, बाबा."

आणि मी काय म्हणालो? मी बाप! मी म्हणालो, "सही झाली म्हणजे झाली. कागद स्वतःहून बोलत नसतो, माणूस बोलतो. तू बोलू नको." पोराने मान हलवली. रिसोडला जाऊन आम्ही उसाचा रस प्यायलो. तो पुन्हा त्या विषयावर बोलला नाही.

सोमवार, ११ ऑगस्ट

तीन विभागप्रमुख बदलले. त्यात उत्कर्षचे ते वरिष्ठ — 'तत्काल प्रभाव से कार्यमुक्त', दुसऱ्या केंद्रावर रवानगी. चार वेळा वाचलं. अवेळी कार्यमुक्त होणारा माणूस आमच्याकडे दोनच प्रकारचा असायचा. एक वशिल्याचा, दुसरा चौकशीचा.

संध्याकाळी किसनसिंग आला. आमच्याच कार्यालयात जावक टेबलावर होता, माझ्यानंतर सहा महिन्यांनी निवृत्त झाला. तो मला आमचं "जय भीम" म्हणतो, मी त्याला त्यांचं "जय सेवालाल" म्हणतो, मग चहा होतो. त्याला पत्रक दाखवलं, आतली गोष्ट सांगितली नाही. तो म्हणाला, "देवमनभाऊ, झाडणाऱ्याची बदली झाली तरी तुमाले वास येते!" हसलो मी. हसावं लागलं.

मग उत्कर्षला फोन लावला. "बाबा, नवीन माणूस आला की टीम बदलतेच. हे दरवेळचं हाय. तुमी ते पान पाहणं बंद करा बरं."

आवाज कोरडा होता. की मलाच वाटला?

बुधवार, १३ ऑगस्ट

फोन नाही.

शुक्रवार, १५ ऑगस्ट

शाळेत झेंडावंदन. सरपंचांनी मला व्यासपीठावर बोलावलं. 'शास्त्रज्ञाचे वडील' म्हणून शाल आणि नारळ. मुख्याध्यापिका बाई भाषणात म्हणाल्या, आपल्या रिठदचा मुलगा आभाळात यान सोडतो, मुलांनो, इंगोले काकांकडे पाहा. दोनशे पोरं माझ्याकडे पाहू लागली.

शालीखाली मी घामाने निथळत होतो. हीच माणसं उद्या काय म्हणतील, ते मला तोंडपाठ आहे. मी कार्यालयात रोज ऐकलेलं आहे. "लय उडून राह्यला होता." घरी येताना लिला म्हणाली, "जरा हसत जा ना. पोराचं कौतुक हाय, मयत नाई."

सोमवार, १८ ऑगस्ट

झालं! जे व्हायचं ते झालं.

उतरवून ठेवतो, म्हणजे मी चुकीचं वाचत नाही याची खात्री होईल —

'श्री उ. दे. इंगोले को परीक्षण प्रभाग से आगामी आदेश तक कार्यमुक्त किया जाता है. इस अवधि में उनका मुख्यालय प्रक्षेपण परिसर रहेगा.'

मुख्यालय! हा शब्द मी माझ्या हाताने किती वेळा टंकला असेल! आमच्या कार्यालयात कर्मचाऱ्याच्या नावापुढे 'मुख्यालय' येतं ते एकाच आदेशात. 'निलंबन कालावधीत श्री. अमुक यांचे मुख्यालय पंचायत समिती तमुक हे राहील व पूर्वपरवानगीशिवाय त्यांना मुख्यालय सोडता येणार नाही.' डोळे मिटून म्हणून दाखवतो. त्या आदेशाचा माणूस रोज यायचा, हजेरीपटावर सही करायचा आणि व्हरांड्यातल्या बाकावर दिवसभर बसून राहायचा. त्याला कोणी चहा विचारत नसे. मीसुद्धा विचारला नाही कधी.

उत्कर्षचा फोन बंद. तीनदा लावला, बंद.

निताला विचारावं, तर ती बाळंतपणाला माहेरी, आसेगावला. दिवस भरत आलेत तिचे. तिला कोणत्या तोंडाने विचारू, की बाई, तुझा नवरा निलंबित झाला का?

मंगळवार, १९ ऑगस्ट

फोन बंद. माझ्या डोळ्यांसमोर तो बाक. त्याच्यावर उत्कर्ष.

बुधवार, २० ऑगस्ट

आज दोघांना सांगितलं. आधी किसनसिंगला.

त्याने चष्मा पुसला, पत्रक वाचलं, आणि त्याचा चेहरा पडला. "मुख्यालय... अरे बाप्पा. हे तर तेच हाय, देवमनभाऊ." त्यालाही तेच वाटलं! माझ्या मनात एक आशेचा धागा होता, तोही तुटला. मग तोच म्हणाला, "आता हातपाय गाळू नका. दोषारोप हातात पडायच्या आधी माफीनामा पोचला पायजे. आपण किती मास्तर वाचवले तसे? जो आधी कबूल झाला तो वाचला." खरं आहे. अकरा मास्तर मी असे वाचवलेत. माझ्या हातचा माफीनामा वाचून साहेबांचं मन विरघळायचं.

मग लिलाला सांगितलं. सही, दवाखाना, लिंबाचं झाड, सगळं. वाटलं रडेल. ती रडली नाही.

"तुमी त्याले गप बस म्हणलं?"

"त्याच्या भल्यासाठी म्हणलं."

"त्या टाकीत तेल भरतेत तवा जवळ माणसं राहतेत का?"

उत्कर्ष एकदा बोलला होता. सहा माणसं असतात. मी सांगितलं.

"सहा," ती म्हणाली. बस्स, एवढंच. वर्षावास सुरू आहे, रोज संध्याकाळी ती धम्माचं वाचन ऐकायला विहारात जाते. आजही गेली. परत येऊन पाणी प्यायली आणि म्हणाली, "तुमी माफी मांगून राह्यले की खरं सांगून राह्यले?"

मी म्हणालो, एकच आहे ते.

"एकच नाई," म्हणाली, आणि भाकरी टाकायला बसली.

गुरुवार, २१ ऑगस्ट

लिहिलं. चार वेळा फाडलं, पाचव्यांदा जमलं. 'विषय : मुलाच्या हातून घडलेल्या चुकीबाबत क्षमा मिळणेबाबत.' हिंदीत लिहिणार होतो. पण हिंदीत मला विनवता येत नाही, ती भाषा माझ्या हातात रागावल्यासारखी उतरते. शिवाय तेहतीस वर्षांत मी एकही कागद मराठीबाहेर काढला नाही. मराठीतच लिहिलं. दि. १७ एप्रिल रोजीच्या झडपेच्या चाचणीवेळी अर्जदाराचा मुलगा जागेवर हजर नव्हता, तरीही त्याची साक्षीदार म्हणून सही आहे. त्याची पत्नी गरोदर असल्याने तो दवाखान्यात होता. वरिष्ठांचं नाव घातलं नाही. तोंडी आदेशाला पुरावा नसतो, आणि मोठ्याचं नाव घेतलं की लहानाची मान आधी कापली जाते. शेवटी लिहिलं — 'तरी मायबाप सरकारने त्याची चूक पदरात घ्यावी, ही एका बापाची हात जोडून विनंती.' हे लिहून पेन खाली ठेवावं लागलं. तेहतीस वर्षं हेच वाक्य मी दुसऱ्यांसाठी लिहीत आलो, तेव्हा कधी ठेवलं नव्हतं.

दुपारच्या एसटीने रिसोडला गेलो. उद्या पोळा, बाजारात झुली-घुंगरांची गर्दी, रेटारेटी. पाकीट शर्टाच्या आत धरून पोस्टात पोचलो. संचालक बाईंच्या पत्त्यावर 'गोपनीय' लिहून खाली दोन रेघा मारल्या. स्पीड पोस्ट केलं. खिडकीतल्या वर्षाराणी बाई ओळखीच्या आहेत, म्हणाल्या, "काका, पोराले राखी पाठवली का आत्ता उशिरा?" मी हो म्हणालो! काहीही.

शुक्रवार, २२ ऑगस्ट

पोळा. गल्लीतून बैल मिरवत गेले. मी दार लोटून घेतलं. कोणी "उत्कर्ष काय म्हणते?" विचारलं असतं तर काय सांगायचं होतं?

रविवार, २४ ऑगस्ट

सात दिवस फोन बंद. माणसाला कोंडतात का तिकडे? लिला म्हणते, तसं असतं तर कोणीतरी कळवलं असतं. तिला सरकार माहीत नाही. सरकार सगळ्यात शेवटी घरच्यांना कळवतं.

सोमवार, २५ ऑगस्ट

देवमन इंगोले, तू गाढव आहेस! हे वाक्य उभ्या आयुष्यात मी स्वतःच्या हाताने प्रथमच लिहितोय.

सकाळी निताचा फोन. मी घाबरतच उचलला. "मामाजी, आईले पेढे आणा म्हणा!" म्हणजे काय गं? तर उत्कर्ष रात्री तिकडच्या कार्यालयातल्या फोनवरून तिच्याशी बोलला. नव्या संचालक बाईंनी उड्डाणाच्या तयारीची पाहणी करायला तीन माणसं निवडली. त्यात एक हा. सगळ्यात तरुण! परिसरात शिरताना फोन जमा करावा लागतो, म्हणून आठ दिवस बंद. आणि मुख्यालय? मी विचारलंच. ती हसली. "ते प्रवासभत्त्यासाठी राहते मामाजी. इतके दिवस त्याइचं ठिकाण तिथं मोजायचं, म्हणून."

प्रवासभत्ता!

मी फोन धरून उभाच राहिलो. आनंद व्हायला पाहिजे होता ना? मी शर्टाच्या खिशातून स्पीड पोस्टची पावती काढली. पोराला कोणी पकडलंच नव्हतं. कोणाला काही माहीतही नव्हतं. आणि मी स्वतःच्या अक्षरात, तारखेसकट, दोन रेघा मारून...

लिला पेढ्यांचं ऐकून हसली, मग माझ्याकडे पाहिलं आणि तिचं हसू गेलं.

मंगळवार, २६ ऑगस्ट

पहिल्या एसटीने रिसोड. पोस्टाचं दार उघडायच्या आधी पायरीवर हजर. वर्षाराणी बाईंना म्हणालो, पाकीट परत मागवायचंय, चुकीचं गेलं. त्यांनी पावतीवरचा नंबर घातला. "हाय काका, वाटेत हाय अजून. अर्ज लिहा, खटपट करून पाहू."

अर्ज लिहायला मला काय वेळ लागतो? पण आज लागला. अक्षरं पुढे जाईनात. दोन कागद वाया गेले. मग पोस्टमास्तर जेवायला गेले, ते आले, सही झाली, आणि बाईंनी पुन्हा नंबर घातला. मग पडदा त्यांनी माझ्याकडे वळवला.

"काका, पोचलं. अकरा चाळीसले दिलं म्हणून दाखवून राह्यलं."

मी म्हणालो, काहीच होऊ शकत नाही का? त्या म्हणाल्या, "वाटेतलं थांबवता येते. हातात पडलेलं कसं आणू, तुमीच सांगा?"

बसस्थानकावर तीन गाड्या गेल्या. मी चढलो नाही. घरी जाऊन लिलाला काय सांगायचं ते ठरत नव्हतं. शेवटी जीपने आलो.

बुधवार, २७ ऑगस्ट

जेवण गेलं नाही. मोबाईलची घंटा वाजली की ताडकन उठतो. कंपनीवाल्यांचे फोन. आज एका पोरीने कर्ज पाहिजे का विचारलं, मी तिला "मॅडम, माफ करा" म्हणालो.

गुरुवार, २८ ऑगस्ट

किसनसिंग दोन दिवस तोंड लपवून होता. आज आला. त्याच्याच सल्ल्याने मी बुडालो, हे त्यालाही कळतं. मी त्याला दोष देत नाही. बोट त्याने दाखवलं, उडी माझी.

बसला, चहा प्यायला, मग एकदम म्हणाला, "देवमनभाऊ, कागद कोणत्या भाषेत लिहला होता?"

मराठीत, मी म्हणालो.

त्याने मांडीवर थाप मारली! "मग कायले भेता? थो मुलूख कोणता, थे बाई कोणत्या! तिथं मराठी कोणाच्या बापाले येते? मी जावक-आवक केली जनमभर. जो कागद वाचता येत नाई थो कुठं जाते? रद्दीत!"

हे मला कसं सुचलं नाही? आवकच्या टेबलावर तेलुगू पत्र आलं असतं तर मी काय केलं असतं? फायलीच्या तळाशी ढकललं असतं आणि वर्षाअखेर नस्तीबंद. इतक्या दिवसांनी मी पहिला पूर्ण श्वास घेतला. आपलं मराठी कोणाला कळू नये, अशी प्रार्थना करणारा मी! मराठी भाषा दिनाला कार्यालयात भाषण मीच द्यायचो.

लिला चुलीपाशी होती. तिने सगळं ऐकलं. किसनसिंग गेल्यावर म्हणाली, "म्हंजे सहा माणसाइचं काय ठरलं?"

मी किसनसिंगचा कप उचलून मोरीत नेऊन ठेवला. 

सोमवार, १ सप्टेंबर

अकरा वाजता पत्रक. घाबरत घाबरत उघडलं. एक भांडारपाल निवृत्त. दोन पदोन्नत्या. हिंदी पंधरवड्याची सूचना. आमचं नाव नाही! खाली-वर सरकवून पाहिलं, कुठेच नाही.

गेलं रद्दीत. नक्की गेलं.

दुपारी पोटभर जेवलो, दोन भाकरी आणि ठेचा. लिलाने वाढलं, पण माझ्यासोबत बसली नाही. जेवताना एकदा वाटलं की झडप गळतच असेल तर? आकडे कोणी पाहिले? मग वाटलं, तिकडे मोठी मोठी माणसं आहेत, पाहतील. आपण कोण?

हे लिहून ठेवतो कारण खोटं कुठेतरी थांबायला पाहिजे. आज मला पोराच्या नोकरीची भीती वाटली, सहा माणसांची वाटली नाही. आणि मला भूक लागली होती.

बुधवार, ३ सप्टेंबर

साडेबाराला उत्कर्षचा फोन आला.

संचालक बाईंनी त्याला परिसरातून परत बोलावलं होतं. अख्ख्या केंद्रात मराठी वाचणारा तो एकटाच. बाईंनी पाकीट हातात दिलं आणि म्हणाल्या, हे कोणालाच लागत नाही, वाचून इंग्रजीत सांगा. खोलीत तिघंजण होते. अक्षर पाहताच त्याने ओळखलं. 'गावाकडून आभाराचं पत्र आहे' म्हणाला असता तरी कोणाला पत्ता लागला नसता!

त्याने वाचलं. तारखेसकट. झडप पुन्हा उघडणार आहेत, तोवर टाकी भरणं बंद. त्याला उद्यापासून कामावर येऊ नको म्हणून सांगितलंय, लेखी आदेश मागून येईल.

 लिलाने मोबाईल माझ्या हातातून घेतला आणि कानाला न लावता मध्ये धरला, दोघांना ऐकू येईल असा.

"बाबा, ऐकून राह्यले ना? पुरं वाचलं मी. शेवटची पदरात घ्यायची ओळ तेवढी सोडली."